आकू, तुमचं नाव काय?

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी, आमरस अंगावर आलेला असताना, सिंगापूरहून भाचेसुनेचा फोन आला. "आकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

मी म्हटलं, विचार.

पलीकडे थोडी खुसफूस झाली. घसा साफ केल्याचा आवाज आला. मग एका दमात प्रश्न आला, "आकू, तुमचं नाव काय?"

ही मुलगी तीन वर्षं आमच्या घरात सून म्हणून वावरते आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ तिला पाठ आहे. कारल्याची भाजी मी ताटाखाली सारतो हेही तिला ठाऊक आहे. नाव तेवढं ठाऊक नव्हतं, कारण लागलंच नव्हतं. आता बाळाच्या जावळासाठी भारतात यायचं, तर व्हिसाच्या अर्जात इथल्या एका परिचिताचं नाव लिहावं लागतं. ताई आणि दाजी नातवासाठी तिच्याकडेच मुक्कामाला, म्हणून परिचित मी. तिने आधी 'आकू' असं लिहून पाहिलं. मग नवऱ्याला विचारलं. माझा सख्खा भाचा, ज्याच्या सायकलीमागे मी सबंध मे महिना धावलो, तो म्हणाला, "मामाच म्हणतो आम्ही. आडनाव आईचं माहेरचं. आणि नाव... घरातलं सांगू की बँकेतलं? थांब, तूच विचार."

भाच्याला याचं काही वाटलं नाही. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नाव माहीत नसण्याची तिला लाज नव्हती, थोरल्या माणसाला त्याचं नाव विचारावं लागतंय याची होती. तिच्या माहेरी थोरल्यांना नाव नसतं, नातं असतं.

तिचं माहेर श्यामेन. चीनच्या फुच्येन प्रांतातलं, तैवानकडे तोंड करून बसलेलं बंदर. नोकरीसाठी ती सिंगापूरला आली, तिथे आमचा भाचा तिला भेटला. पुढचं सांगत नाही, सगळ्या भाच्यांचं तसंच असतं.

तिला आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते साखरपुड्याला, ताईच्या साताऱ्याच्या घरी. दिवाणखान्यात सत्तावीस माणसं, त्यातली अकरा उभी. भाच्याने तिला दारातून आत आणलं आणि सरळ माझ्यापुढे उभं केलं. "हे माझे मामा."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मिशांकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्या मिशांकडे. मँडरिन चिनीत 'मामा' म्हणजे आई.

बाबा म्हणजे बाबाच, तिथे देवाने दोन्ही देशांवर सारखी कृपा केली आहे. पण मामा म्हणजे आई, आणि 'दीदी' म्हणजे धाकटा भाऊ. सूर वेगळे लागतात म्हणे. पण सत्तावीस माणसांच्या दिवाणखान्यात, तेही निम्मी माणसं 'पाणी आण गं' म्हणत असताना, सूर कोण बघतो?

भाचा तसा तयारीचा. कोणाला ती काय म्हणेल याची यादी त्याने आदल्या रात्री रोमन लिपीत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. कोणीही ती वाचली नव्हती. मुलगी मात्र पाठ करून आली होती. ती आधी आजोबांकडे वळली. ताईचे सासरे, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, माजी हेडमास्तर. त्यांच्या आईच्या पश्चात त्यांना एकेरी हाक मारण्याची साताऱ्यात कोणाची छाती झालेली नाही. ती कमरेत वाकली आणि मोठ्या आदराने म्हणाली, "येये!"

दिवाणखाना गार पडला. चिनीत 'येये' म्हणजे वडिलांचे वडील. आजोबांनी चष्मा वर केला, काठी चाचपली आणि म्हणाले, "येतो बाई, येतो. गुडघ्यांमुळे वेळ लागतो."

शेजारी आजी बेसनलाडवांचं ताट घेऊन उभ्या. तिने त्यांनाही वाकून म्हटलं, "नायनाय." म्हणजे वडिलांची आई. आजी म्हणाल्या, "नाय नाय काय? एक तरी घे." ती आणखी वाकून, आणखी आदराने, "नायनाय!" आजींनी ताट मागे घेतलं. "डाएटवर दिसते."

मग आला दाजींचा चुलतभाऊ. आजोबांच्या शेंडेफळ भावाचं हे शेंडेफळ. वय सव्वीस, इंजिनिअरिंगचे दोन विषय अजून राहिलेले. पण नात्याने भाच्याचा काका, वयाने त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आम्ही सगळे त्याला "ए" म्हणतो. ती मात्र त्याच्यासमोर तितक्याच अदबीने वाकली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "शूशू!"

आत्याबाई लगबगीने उठल्या. "अगं, आधी तिला आत न्या कोणी तरी. एवढ्या लांबून आलीये पोर."

शूशू म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. हे कळल्यावर आत्याबाई पोट धरधरून हसल्या. हसता हसता त्यांनी फोन काढला, यादीत स्वतःच्या नात्यापुढे काय लिहिलंय ते शोधलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं. तिथे रोमन अक्षरं होती जी, यू, जी, यू. पुढची पाच मिनिटं साखरपुड्यात कोणी बोललं नाही. खरा उच्चार 'कूकू'च्या जवळ जातो, हे भाच्याने नंतर घसा फोडून सांगितलं. पण तोवर त्या वाचून बसल्या होत्या.

अखेर मुलीनेच तोड काढली. शाळेत-कचेरीत ती मँडरिन बोलत असली तरी तिची घरची बोली मिन्नान. आपण ज्याला सरसकट चिनी म्हणतो त्यात अशा एकमेकींना न कळणाऱ्या कितीतरी बोली नांदतात आणि प्रत्येकीचे नात्याचे शब्द वेगळे. मिन्नानमध्ये काका 'आचिक', आत्या 'आकॉ', मामी 'आकिम' आणि मामा 'आकू'. सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न मिटला. फक्त माझ्या बायकोला पुढे तीन महिने वाटत राहिलं की मुलगी आपल्याला हाक मारते आहे आणि तिला 'क' म्हणता येत नाही. "काकू नाही गं, मामी," असं ती प्रत्येक वेळी प्रेमाने समजावून सांगे, आणि मुलगी प्रत्येक वेळी तितक्याच प्रेमाने माझ्याकडे बोट दाखवी.

*

साखरपुड्याच्या त्या दिवशी तिच्या हातात फोन होता आणि ती सारखं काहीतरी टिपत होती. मला वाटलं, आहेराचा हिशेब. जवळ जाऊन पाहिलं तर खरंच कॅल्क्युलेटर होता. पण आकड्यांच्या जागी दहा बटणं: नवरा, बायको, वडील, आई, थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण, मुलगा, मुलगी. नात्यांचं गणित करणारी अशी यंत्रं चीनमध्ये फोनवर मिळतात, आणि वसंतोत्सवाला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला गावी जाणारी तरुण मंडळी ती वापरतात. तिने माझ्यासाठी दाबलं: नवरा, आई, धाकटा भाऊ. बरोबरचं चिन्ह. खाली माझं उत्तर आलं. मग उलटं विचारायचं एक बटण दाबलं, म्हणजे मी तिला काय म्हणायचं. तेही आलं, 'बहिणीच्या मुलाची बायको', आमच्या भाषेत भाचेसून.

सव्वीस वर्षांच्या इंजिनिअरासाठी दाबलं: नवरा, वडील, वडील, धाकटा भाऊ, मुलगा. यंत्र अडलं. त्याने विचारलं, हा तुमच्या सासऱ्यांपेक्षा मोठा की धाकटा? धाकटा म्हटल्यावर उत्तर दिलं, 'थांगशू', चुलत शूशू. पुढे आमच्या उद्योगी भाच्याने 'बायकोची आई' सहा वेळा दाबून पाहिलं, तेव्हा यंत्राने हात टेकले आणि सांगितलं की नातं फार लांबचं आहे, वयस्कर असतील तर 'पूर्वज' म्हणा.

'मोठा की धाकटा?' हा त्या यंत्राचा आवडता प्रश्न, कारण तो त्या भाषेचाच आवडता प्रश्न आहे. वडिलांचा थोरला भाऊ 'बोबो', धाकटा 'शूशू'. त्यांच्या बायकाही वेगळ्या, पहिली 'बोमू', दुसरी 'शेनशेन'. आपल्याकडे दोघे काका, दोघी काकू, आणि घाईत मावशीचा नवराही काका, आत्याचा नवराही काका. चिनीत 'भाऊ' म्हणायची सोयच नाही. थोरला असेल तर 'गगऽ', धाकटा असेल तर 'दीदी'. जुळ्यांतसुद्धा कोण चार मिनिटं आधी आला ते लक्षात ठेवावं लागतं, कारण त्या चार मिनिटांवर आयुष्यभराची हाक ठरते.

मी मराठी माणूस, त्यामुळे समोरच्याकडे काही जास्त दिसलं की आपल्याकडेही ते होतं हे सिद्ध केल्याशिवाय मला झोप येत नाही. रात्री कागद घेऊन बसलो. त्यांची चुलत-मावस भावंडं मोजली. त्यांच्यात दोनच प्रकार. चुलत ती 'थांग', म्हणजे घरच्या दिवाणखान्यातली. मामे, मावस आणि आते ती सगळी मिळून 'ब्याओ', बाहेरची. पण थांग काय, ब्याओ काय, प्रत्येकात थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण. दोन चोक आठ. आता आपलं. चुलत, मामे, मावस, आते. प्रत्येकात भाऊ आणि बहीण. चार दुणे आठ! मी बायकोला उठवून सांगितलं. दोन्ही संस्कृतींची बेरीज आठ, फक्त खतावणी वेगळी. ते वय लिहितात आणि चुलत सोडून सगळे एका खात्यात टाकतात, आपण खाती चार ठेवतो आणि वय विसरतो. बायको म्हणाली, "दिवा मालवा."

या विषयात मी पहिला नव्हे, हे नंतर कळलं. चिनी भाषेतला सगळ्यात जुना कोश, दोन हजार वर्षांपूर्वीचा 'अर्‍या', त्याच्या एकोणीस प्रकरणांतलं चौथं प्रकरण नुसतं नातेवाइकांवर आहे. हान-यी फंग यांनी १९३७ साली चिनी नात्यांवर सबंध ग्रंथ लिहिला, आणि आपल्या इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून, भारतातल्या नात्यांचा पसारा प्रदेशवार मांडला. रात्री बाराला बायकोला उठवल्याची नोंद मात्र कोणी केलेली नाही.

इंग्रजीला ज्यांचं नावही घेता येत नाही अशी दोन नाती दोन्हीकडे शाबूत आहेत. दोघा भावांच्या बायका म्हणजे जावा, चिनीत 'चौली'. दोघी बहिणींचे नवरे म्हणजे साडू, चिनीत 'लिएनजिन', शब्दशः 'जोडलेल्या अंगरख्यांचे'. एकाच ठाणातून कापलेले दोन सदरे, असा या शब्दाचा अर्थ मी लावतो. माझ्या साडूंकडे पाहून हे पटत नाही, पण तो कापडाचा दोष.

चीनच्या आधुनिक इतिहासातला मोठा भाग साडूंनीच चालवला आहे. शांघायच्या सुंग घराण्यात तीन बहिणी: आयलिंग, छिंगलिंग आणि मेइलिंग. एका पिढीच्या नावात एक अक्षर समान ठेवायची चिनी रीत आहे, या तिघींचं 'लिंग'. थोरलीचं लग्न झालं खुंग श्यांगशी यांच्याशी, जे कन्फ्यूशिअसचे पंचाहत्तरावे वंशज. मधलीने १९१५ साली सन यत-सेन यांच्याशी लग्न केलं आणि धाकटीने १९२७ साली च्यांग कै-शेक यांच्याशी. सन यत-सेन १९२५ सालीच वारले होते, म्हणजे च्यांग हे साडू गेल्यावर झालेले साडू. साडूंचा वाद होण्याआधीच एक साडू देवाघरी जाणं, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. देशाचं अर्थखातं आधी होतं मेहुण्याकडे, सुंग त्झ-वेन यांच्याकडे. १९३३ साली ते गेलं साडूकडे, खुंग यांच्याकडे. घराणेशाहीवर आपल्याकडे जे अग्रलेख येतात, त्यांनी निदान नात्यांची नावं तरी इतक्या नेमकेपणाने द्यावीत.

*

लग्नाआधी श्यामेनहून तिच्या आजोबांचं पत्र आलं. जुन्या वळणाचे गृहस्थ, पत्र ब्रशने लिहिलेलं. भाचा फिरतीवर होता म्हणून ताईने फोनचा कॅमेरा पत्रावर धरून भाषांतर काढलं आणि मला बोलावणं पाठवलं. फोन म्हणत होता: 'आमच्या थंडगार झोपडीत आपल्या तेजस्वी पुत्राचे स्वागत आहे. माझा कुत्रा आणि त्याची पत्नी समारंभाला उपस्थित राहतील.'

दाजी गंभीर झाले. म्हणाले, "झोपडीचं चालेल. माणसं चांगली आहेत. पण कुत्र्याला विमानात घेतात का?"

भाचेसुनेने फोनवर उलगडा केला. जुन्या चिनी शिष्टाचारात एक पाठच करायचं सूत्र आहे: आपल्या घरच्या थोरल्यांना 'ज्या', आपल्या घरच्या धाकट्यांना 'श', दुसऱ्याच्या सगळ्यांना 'लिंग'. दुसऱ्याचा मुलगा 'लिंगलांग', थोर चिरंजीव. दुसऱ्याची मुलगी 'छ्येनजिन', हजार मोहरा. आणि स्वतःचा मुलगा 'छ्युआनझ', श्वानपुत्र. पत्रातला श्वानपुत्र म्हणजे तिचे वडील, शाळेचे मुख्याध्यापक. थंडगार झोपडी म्हणजे अठ्ठाविसाव्या मजल्यावरचा, समुद्राकडे गच्ची असलेला फ्लॅट.

आम्ही पोटभर हसलो. मग दाजींनी उत्तर लिहायला घेतलं: 'गरिबाच्या झोपडीला आपले पाय लागावेत.' झोपडी तीन मजली. पुढे लिहिलं, 'आमचं कार्टं...' आणि थांबले. कार्ट्यात आणि श्वानपुत्रात फरक तो किती! आपल्याकडे तर वडिलांना 'तीर्थरूप' आणि दुसऱ्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', एका 'स्व'ने दोघांत भिंत घालणारी पत्रं लिहिणारी माणसं आजोबांच्या पिढीपर्यंत होती. दाजींनी 'चि.' लिहिलं आणि सुटका करून घेतली.

नाव न घेण्याची गोष्टही तशीच. 'लाल महालाचं स्वप्न' म्हणून अठराव्या शतकातली जी प्रचंड चिनी कादंबरी आहे, त्यातल्या ताइयूच्या आईचं नाव 'मिन'. वाचताना ते अक्षर आलं की ही लहानगी 'मि' म्हणते, लिहिताना त्यातली एखाद-दुसरी रेघ गाळते, कारण आईचं नाव तोंडात घ्यायचं नाही. हे मी घरात मोठ्या कौतुकाने सांगितलं. आजी म्हणाल्या, "त्यात काय! ह्यांचं नाव विठ्ठलाचं, म्हणून मी साठ वर्षं पंढरपूरला 'पांडुरंग' म्हणते." आणि या कादंबरीच्या नायकाचं प्रेम ज्या दोघींमध्ये घोटाळतं त्या दोघीही चिनीत 'ब्याओ' बहिणी. मराठीत सांगायचं तर ताइयू आतेबहीण आणि पाओछाय मावसबहीण. बायको म्हणाली, "मावसबहिणीशी लग्न? शी!" एवढी जाडजूड कादंबरी आपल्या खतावणीत एका शब्दात निकालात निघाली. चीनमध्येही १९८०च्या विवाह कायद्यापासून अशा जवळच्या भावंडांच्या लग्नांना बंदीच आहे.

आईकडच्यांना 'बाहेरचे' म्हणणं मात्र मला खटकलं. वडिलांचे वडील 'येये', पण आईचे वडील 'वाइगुंग' आणि आईची आई 'वाइपो'. त्यातलं 'वाइ' म्हणजे बाहेर. आपण ज्याला आजोळ म्हणून उराशी धरतो, ते तिकडे उंबऱ्यापलीकडे. पण शब्दावरून माया मोजायला जाऊ नये. २०१८ साली शांघायच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात एका धड्यातलं 'वाइपो' काढून तिथे उत्तरेकडचं 'लाओलाओ' घातलं गेलं. अर्थ तोच, आईची आई. आणि अख्खं शहर खवळलं. आमची वाइपो कुठे गेली? शेवटी पुस्तकवाल्यांना माफी मागावी लागली आणि वाइपो धड्यात परत आली. आपल्याकडे बालभारतीने 'आजी' काढून 'नानी' घातली तर काय होईल, याचा विचार करून पाहा. निदान दोन मोर्चे.

*

चिनी आईबाप मुलांना 'नमस्कार कर' म्हणत नाहीत. पाहुणा आला की पोराच्या पाठीत बोट रुततं आणि हुकूम येतो, "च्याओ रन!" माणसाला हाक मार. म्हणजे नातं ओळख आणि उच्चार. तेवढं केलं की झाला नमस्कार. वेगळं 'कसे आहात' नको. दक्षिणेकडच्या, सिंगापूर-मलेशियातल्याही कित्येक घरांत जेवायला बसल्यावर धाकट्यांनी एकेका थोरल्याला नात्याने बोलावून 'जेवा' म्हणायचं असतं. आजोबा जेवा, आजी जेवा, बाबा जेवा, आई जेवा. साताऱ्याच्या पंगतीत तिने हे सुरू केलं तेव्हा अकराव्या माणसापर्यंत वरण गार झालं होतं आणि शूशूची दुसरी पोळी संपली होती. त्याला ती सर्वांत शेवटी पण पूर्ण मानाने म्हणाली, "आचिक, जेवा." तिच्याकडे म्हणच आहे. मुळा लहान असला तरी 'बेइ'वर उगवलाय, आणि या 'बेइ' उच्चारात पाठही येते आणि पिढीही. दोन विषय राहिलेल्या त्या मुळ्याला जन्मात पहिल्यांदा कोणी 'अहो' केलं. तो ठसका लागून पाणी प्यायला.

रस्त्यावरही तिकडे नातीच चालतात. पोरं पोलिसाला 'शूशू' म्हणतात. आपण पोलीसमामा म्हणतो, ते पोलीसकाका. घरकामाच्या बाईंना म्हणतात 'आयी', म्हणजे मावशी! हे ऐकल्यावर आमच्याकडच्या मावशींनी पदर सावरून विचारलं, "तिथं पगार किती?" काकूच्या नात्यातली 'दामा' आता चौकात गाणी लावून नाचणाऱ्या प्रौढ बायकांचं नाव झाली आहे. एप्रिल २०१३मध्ये सोन्याचा भाव कोसळला तेव्हा याच दामांनी सराफांच्या दुकानांत झुंबड उडवली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या झळकल्या. 'दामा' आणि दाम, या श्लेषावर मराठीने आपला हक्क सांगावा. फक्त एका शब्दाशी जपून. 'श्याओच्ये', शब्दशः छोटी ताई, एके काळी कुमारिकेचं सभ्य संबोधन होतं. आता चीनमध्ये बऱ्याच ठिकाणी हॉटेलातल्या मुलीला तशी हाक मारली तर ती ताट आपटते, कारण त्या शब्दाने मधल्या काळात भलतीच संगत धरली. त्यापेक्षा 'मेइन्यू' म्हणतात, सुंदरी. ए सुंदरी, दोन भात.

*

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती साताऱ्याला आली. ताईच्या जावांची, नणंदांची मुलं-नातवंडं अंगणात. त्यांना आम्ही सगळे एकजात 'अंकल' आणि 'आंटी'. एकदा मी आठ वर्षांच्या एकाला विचारलं, मी तुझा कोण? तो म्हणाला, "व्हाइट अ‍ॅक्टिव्हावाले अंकल." ती पोरं तिच्याकडे आली आणि आपापल्या आयांनी शिकवल्याप्रमाणे कोणी तिला वहिनी म्हटलं, कोणी काकू, कोणी मामी, आणि एका शेंबड्याने, कोणीच न शिकवता, ताई. संध्याकाळी पाहतो तर ती जिन्यात वही घेऊन बसलेली. हाका लिहून काढत होती. कोण, कोणाचा, मला काय म्हणाला.

"घरी नवीन वर्षाला चौदा थोरली माणसं असतात," ती म्हणाली. "'सात आत्या, आठ मावश्या' असा वाक्प्रचारच आहे आमच्यात. पगार किती, लग्न कधी, मूल कधी. चौदा जणांना मी हाक मारते. माझ्याखाली कोणी नाही. मला आजवर कोणी ताई म्हटलं नव्हतं."

१९८० ते २०१५ ही चीनमधल्या एक-मूल धोरणाची वर्षं. ती जन्मली १९९३ साली, शहरात, एकुलती, साऱ्या मावसभावंडांत शेवटची. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण, या चार बटणांपैकी तिच्या घरापुरतं एकही चालत नाही. आणि तिच्यासारख्या दोघांचं लग्न झालं की त्यांच्या बाळाच्या यंत्रावर काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. जगातला सगळ्यात बारीक काम केलेला दागिन्यांचा डबा, आणि घालायला गळा नाही.

"तुमच्याकडे एवढी माणसं आहेत," ती वही मिटत म्हणाली, "मग शब्दांची काटकसर का करता?"

मी उत्तर दिलं नाही. व्हाइट अ‍ॅक्टिव्हावाल्या अंकलनी काय उत्तर द्यायचं?

*

तर जावळ. नाव कळलं, व्हिसा मिळाला, मंडळी साताऱ्याला आली. पाट मांडला, न्हावी आला, वस्तऱ्याला पाणी लागलं. गुरुजी म्हणाले, "बाळाचे मामा कोण? पुढे या."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाळाला मामा नाही. तिचे मावसभाऊ श्यामेनला, त्यांना रजा नाही. आणि मामाची मांडी नसेल तर जावळ कसलं? कोणी म्हणालं, बाबाच्या मांडीवर द्या. आत्याबाई म्हणाल्या, रीत ती रीत. ती शांतपणे फोन काढून बसली. या वेळी बाळाच्या जागेवर बसून तिने बटणं दाबली: वडील, आई, धाकटा भाऊ. बरोबर.

"आकू," ती म्हणाली, "उठा. तुम्ही बाळाचे 'कूकाँग'. आजीचा भाऊ. आजोबा-पदाला पोचलेला मामा." आणि मग तिने तिच्या गावाकडची म्हण ऐकवली. वर आभाळात देवराजा, खाली धरतीवर मामा. फुच्येन-तैवानकडच्या लग्नात मानाची जागा मामाची असते, तो येऊन बसल्याखेरीज जेवणाची टेबलं सुरू होत नाहीत. आमच्याकडे 'मुलीचे मामा, मुलीला घेऊन या' ही आरोळी झाली की मामाला कोणी ओळखत नाही, तो आपलं ताट आपण शोधतो. तीन वर्षं मी या घरात जे ऐकायला थांबलो होतो ते श्यामेनहून आलं.

मी पाटावर बसलो. पाठ आपोआप ताठ झाली. बाळ मांडीवर आलं, एका हाताने माझी मिशी धरली आणि दुसऱ्या हाताने न्हाव्याचा कान. पहिली बट पडली. आजींनी डोळ्यांना पदर लावला. मी देवराजाच्या खालोखाल विराजमान. आणि त्याच क्षणी माझ्या नव्या धोतरात ऊब पसरू लागली.

"अगंबाई," आत्याबाई ओरडल्या, "शूशू!"

आणि स्वयंपाकघरातून, तोंडात लाडू असल्याच्या आवाजात, उत्तर आलं, "आलो, आलो."